कॉलेजचं पहिलं वर्ष: या चुका टाळा, नाहीतर दिवाळीपर्यंतच दम निघेल

दरवर्षी पावसाळा लागला की जळगावात कॉट बेसिसच्या रूम भरतात, आणि दिवाळीच्या सुट्टीत त्यातलीच निम्मी पोरं सुकलेली तोंडं घेऊन गावाकडे जातात. आळशी पोरं नाही थकत हो, जास्तीचा उत्साह असलेलीच थकतात. बघून खूप वाईट वाटतं म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्याच महिन्यात दिसेल तिथे नाव देणं. आमच्या शेजारच्या रूमवर पारोळ्याकडचा एक पोरगा होता, बीएस्सी फर्स्ट इयर, डोक्याने एक नंबर. त्याने एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) घेतलं, विद्यापीठाच्या युवारंग महोत्सवासाठी नाटकात नाव दिलं, वरून एमपीएससीचा क्लास लावला आणि रात्री अकरापर्यंत अभ्यासिका. परत येईपर्यंत मेसच्या डब्यातल्या पोळ्या कडक झालेल्या असायच्या, मग हा मूठभर शेव-मुरमुरे खाऊन झोपायचा. आईचा फोन यायचा, "जेवना का रे भाऊ?" हा "हो" म्हणायचा आणि डबा तसाच. कानबाईच्या सणालाही घरी गेला नाही, कारण रविवारी क्लासची टेस्ट. शेवटी इंटर्नलच्या आठवड्यात तापाने आडवा झाला, केमिस्ट्रीचं जर्नल अर्धं कोरं, आणि पहिल्याच सेमिस्टरला दोन विषय राहिले. गुणी पोरगा, उगाच स्वतःला नालायक समजायला लागला.

आता हिशोब करा. सेमिस्टरला साधारण 20 ते 22 क्रेडिट असतात, थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे आठवड्याचे वीस-बावीस तास तर नुसते वर्गातच जातात आणि सायन्सवाल्यांचे त्याहून जास्त. एनएसएसचे वर्षाला 120 तास वेगळे. आणि एमपीएससीची एवढी घाई कशाला? राज्यसेवेला किमान वय 19 लागतं, आणि फॉर्मही डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला आल्यावरच भरता येतो. फर्स्ट इयरच्या पोराला "आत्तापासून लागलास तरच होईल" असं घाबरवून फी घेणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, पहिल्या सेमिस्टरला कॉलेज सोडून एकच गोष्ट धरा, दुसरी गोष्ट जानेवारीनंतर. त्या पोराने पुढे क्लास सोडला, एनएसएस ठेवलं, कॅम्पला जाऊन आला आणि तिथेच त्याला जिवाभावाचे दोस्त मिळाले.

दुसरी चूक अप-डाउनवाल्यांची. अमळनेर, भुसावळहून येणारी पोरं पहाटे उठतात, गाडीत उभं राहून येतात, आणि सीनियर सांगतात म्हणून गाडीतच नोट्स काढून बसतात. गर्दीत काही डोक्यात जात नाही, नुसती मान दुखते. गाडीत झोपा नाहीतर गप्पा मारा, तीच तर मजा आहे, आणि मधल्या ऑफ लेक्चरला लायब्ररीत तासभर बसा. घरी गेल्यावर पुस्तक नाही उघडलं तरी चालेल. एसटीने येत असाल तर विद्यार्थी पासला 66.67 टक्के सवलत आहे, तो पहिल्याच आठवड्यात काढा.

प्रॅक्टिकल झालं की जर्नल त्याच रात्री लिहा. दुसऱ्याचं उतरवून काढलेलं तोंडी परीक्षेत दोन प्रश्नांत उघडं पडतं.

बंक मारायचा तर मारा, पण 75 टक्के हजेरीचं गणित स्वतःच्या वहीत ठेवा.

नुसते "अपेक्षित" प्रश्नसंच वाचून पास होता येतं, पण सेकंड इयरला तोच विषय पुढे आला की पाया नसतो आणि मग दुप्पट मेहनत लागते.

मोबाईल रात्री उशाशी नको, टेबलावर.

आणि मजा करायला परीक्षा संपायची वाट बघू नका. हिवाळ्यात कोणाच्या तरी शेतात भरीत पार्टी ठरतेच, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, गरम गरम सोलून ठेचायची, वर कांद्याची पात आणि हिरवी मिरची, सोबत कळण्याची भाकरी. "सबमिशन आहे" म्हणून ही पार्टी चुकवणारी पोरं त्या संध्याकाळीही रूमवर मोबाईलच बघत बसतात, हे मी कित्येकदा पाहिलंय. जा, खा, रात्री दहाला झोपा, सबमिशन सकाळी उठून होतं.

महाडीबीटीचा स्कॉलरशिप फॉर्म मात्र शेवटच्या तारखेवर ठेवू नका, साईट तेव्हाच अडकते. बँक खातं आधारला लिंक आहे का ते आजच बघा.