मोठ्या मोटारहोमचं चाक स्वतः बदलायचंय? आधी नटाचा हिशेब करा

मोटारहोमचं, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या बसएवढ्या गाडीचं, मागचं चाक मी पहिल्यांदा खोलायला घेतलं, तेव्हा हाताशी ३३ मिलिमीटरचं सॉकेट होतं आणि ६० सेंटिमीटरचा दांडा. अर्धा तास झटले, पण एकही नट जागचा हलला नाही. मग वहीत हिशेब मांडला. २२.५ इंची चाकाला बहुधा १० नट असतात आणि ते ६१० ते ६८० न्यूटन-मीटरने (पिळण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप) आवळलेले असतात. माझं वजन ५५ किलो. दांड्याच्या टोकावर अख्खी उभी राहिले तरी जेमतेम ३२५ न्यूटन-मीटर पडतात. गंज धरलेला नट तर आवळल्यापेक्षाही जास्त जोर मागतो.

दांड्यावर लांब पाइप चढवला की जोर वाढतो हे खरं, पण पाइप निसटला तर माणूस तोंडावर आपटतो. अर्ध्या इंची चौकाचा (सॉकेट जिथे बसतं ते चौकोनी टोक) दांडा तुटतोही. म्हणून सॉकेट आणि दांडा पाऊण किंवा एक इंची चौकाचेच घ्या. सॉकेट काळं, जाड भिंतीचं, सहा कोनांचं हवं. बारा कोनांचं नटाचे कोपरे खातं. त्याहून मोलाची वस्तू म्हणजे टॉर्क मल्टिप्लायर. आतल्या गिअरमुळे हाताचा जोर कित्येक पट होऊन नटावर जातो. त्याचा टेकू शेजारच्या नटावर नीट बसवा आणि बोटं त्या फटीपासून लांब ठेवा. माझ्या मते पहिला खर्च यावरच व्हायला हवा, जॅक त्यानंतर.

नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, पाव-पाव फेरा. त्याआधी दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून पाचरी लावा.

जॅक २० टनी बाटली जॅक घ्या, पण घेण्याआधी त्याला खाली किती जागा मिळेल ते मापा. हवा जाऊन टायर बसला की अ‍ॅक्सलही खाली येतो आणि उंच जॅक त्याखाली शिरतच नाही. जॅकखाली जाड फळी हवी, आणि जॅक लावायचा तो गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच. गाडी समपातळीत आणणारे तिचे स्वतःचे पाय चाक उचलायला वापरू नका. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक फक्त मागची चाकं धरतो. ती हवेत गेली की गाडी सरकायला मोकळी. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) असेल तर हवा उतरताच धड खाली बसतं, म्हणून भक्कम स्टँड लावल्याशिवाय खाली हातसुद्धा घालू नका.

पोलादी डिस्कसकट (टायर जिच्यावर चढतो ती चकती) चाक ७० ते १०० किलो भरतं. ते उचलायचं नाही. जॅक एवढाच वर घ्या की टायर जमिनीला जेमतेम सुटेल. मग टायरखाली पहार सरकवून तिच्यावर तोलत चाक बाहेर काढा आणि घरंगळत न्या. बसवतानाही हीच पहार कामी येते.

बसवण्याआधी हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आणि डिस्क जिथे टेकतात ते पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासा. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर पुढे नट सैल पडतो. डिस्क हबच्या कडेवर तोललेली असेल, तर स्टडच्या (नट ज्यावर चढतो तो खुंटा) आट्यांवर आणि नट-वॉशरच्या मधे दोन-दोन थेंब तेल. शंकूच्या आकाराच्या नटांना मात्र तेल नको. आधी एक नट, मग समोरचा, असे दोन-तीन टप्प्यांत आवळा. शेवटचा टप्पा जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचनेच, आणि आकडा पुस्तिकेतला. झटक्यांनी नट फिरवणाऱ्या इम्पॅक्ट गनला किती जोर पडला हे कळत नाही.

डिस्कवरून टायर उतरवणं मी दुकानातच करून घेते. ठरलेल्या दाबाच्या ८० टक्क्यांच्या खाली धावलेल्या टायरच्या कुशीतल्या (बाजूच्या भिंतीतल्या) पोलादी तारा आतून तुटलेल्या असू शकतात, आणि १००-११० पीएसआयपर्यंत हवा भरताना तो फुटतो. दुकानात त्यासाठी लोखंडी पिंजरा असतो. आपण नेहमीची हवा भरतानाही व्हॉल्व्हला आपोआप धरून राहणारा क्लिप-चक आणि लांब नळी वापरावी, म्हणजे टायरच्या कुशीसमोर उभं राहावं लागत नाही.

नट पुन्हा तपासायचे ते ८० ते १६० किलोमीटरनंतर. चाक बसवताच मी मीटरचा आकडा स्टीअरिंगवर चिकटवते.