वारीच्या देखाव्यासाठी सहा सर्व्हो: कंप्युटरला कंट्रोलर जोडून पखवाज वाजवायचा कसा

देखाव्यात एकच हालचाल पुन्हा पुन्हा हवी असेल, तर गाडीची वायपर मोटर आणि तिच्यावर बसवलेला कॅम (फिरताना दांडा वरखाली ढकलणारी, कड वेडीवाकडी असलेली चकती) याला आजही तोड नाही. माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं. त्यामुळे कॅम घासायला बसलो की मला वेळेचं भान राहत नाही. पण पखवाजीचा डावा हात आणि उजवा हात वेगवेगळ्या वेळी पडायला हवा, मध्येच टाळकऱ्यांनी थांबावं, वीणेकऱ्याने सावकाश मान डोलवावी, असं मनात असेल तर कॅमची संख्या वाढत जाते आणि एक बोल बदलायचा म्हटलं तरी नवा कॅम कापावा लागतो. तिथे सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणाऱ्या छोट्या मोटरी, घ्यावेत. सोसायटीच्या गणपतीसाठी वारीचा देखावा मी असाच करतो. ही कृती इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या कार्यकर्त्यालाही जमावी, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्व्होंना हालचालीचे हुकूम देणारा, मी वापरतो तो कंट्रोलर म्हणजे अमेरिकेतल्या लास व्हेगासच्या पोलोलू कंपनीचा मायक्रो माएस्ट्रो. बोर्ड दोन बोटांत मावतो. त्यावर सहा चॅनेल, म्हणजे सर्व्हो जोडायच्या सहा जागा, असतात आणि त्यांचे नंबर ० ते ५ असे मोजतात. माझी वाटणी अशी: ० आणि १ पखवाजीचे दोन हात, २ आणि ३ टाळकरी, ४ वीणेकऱ्याची मान, ५ पताका. वाटणी कागदावर लिहून बोर्डाच्या डबीवर चिकटवा. ऐन आरतीच्या वेळी एखादी वायर निसटली, तर तो कागदच कामाला येतो.

आधी वीज. बहुतेकांचं काम इथेच अडतं. बोर्ड यूएसबीने कंप्युटरला जोडला की हिरवा दिवा लागतो, सर्व्हो लावले जातात, आणि काहीच हलत नाही. कारण यूएसबीची वीज फक्त बोर्डाच्या मेंदूला मिळते. सर्व्होंसाठी वेगळा पॉवर सप्लाय त्यांच्या पॉवरच्या पिनांना द्यावा लागतो, आणि तसंच असलेलं बरं. एसजी९० सारखा छोटा, नऊ ग्रॅमचा सर्व्हो अडकला तर साधारण पाऊण अँपिअर ओढतो. सहा मिळून साडेचार अँपिअरच्या आसपास जातात. कंप्युटरचा साधा यूएसबी पोर्ट जेमतेम अर्धा अँपिअर देतो.

पिक्सेल एलईडीसाठी मिळतो तो ५ व्होल्ट, १० अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे ५ व्होल्ट करून देणारा पॉवर सप्लाय, घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल. जोडण्याआधी मल्टिमीटर लावून व्होल्टेज पाहा. कडेला एक छोटा स्क्रू असतो, त्याने ते थोडं कमीजास्त करता येतं. सर्व्होच्या पॉवरच्या पिनांजवळच १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा एक कपॅसिटर लावा, प्लस-मायनस नीट बघून. सगळे हात एकदम उसळले की व्होल्टेजला जो गचका बसतो, तो यामुळे बराच कमी होतो. एसएमपीएसच्या स्क्रूंवर २३० व्होल्ट उघडे असतात. मंडपात लहान मुलं असतात, तेव्हा तो झाकणाच्या डब्यात घालायचा आणि अर्थिंग द्यायचंच. यात तडजोड नाही.

सर्व्होच्या तीन वायरींत तपकिरी किंवा काळी ग्राउंड, मधली लाल प्लस, आणि नारिंगी, पिवळी किंवा पांढरी सिग्नलची. बोर्डावरच्या खुणा पाहून लावा. कनेक्टर उलटा लागला तर सर्व्हो हलणार नाही, पण पॉवर सप्लायचं प्लस-मायनस उलटं झालं तर सगळे सर्व्हो एकदम जातील.

आता कंप्युटर. पोलोलूचं माएस्ट्रो कंट्रोल सेंटर हे सॉफ्टवेअर विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. विंडोजवर आधी ड्रायव्हर टाका, मग बोर्ड जोडा. केबल मिनी यूएसबीची लागते, जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांना असायची तीच. कंप्युटरला बोर्ड दिसलाच नाही तर पहिला संशय केबलवर घ्या. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात.

'स्टेटस' पानावर प्रत्येक चॅनेलसमोर एक चौकट आणि एक सरकपट्टी दिसते. चौकटीत टिक केली की त्या सर्व्होला पल्स, म्हणजे विजेचे छोटे ठोके, जायला लागतात. सर्व्होला कोन कळतो तो पल्सच्या रुंदीवरून: १५०० मायक्रोसेकंद म्हणजे मधोमध, १००० आणि २००० म्हणजे साधारण दोन बाजू. अजून बाहुलीचा हात जोडायचा नाही. सर्व्होचा प्लास्टिकचा हॉर्नही (अक्षावर बसणारी छोटी दांडी) काढून ठेवा. आधी १५०० वर आणा, मग हात जिथे मध्यावर हवा तिथे हॉर्न बसवा आणि स्क्रू पिळा. क्रम उलटा केलात तर हॉर्न एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला अडकलेला असा बसतो.

मग मर्यादा. सरकपट्टी हळूहळू एका टोकाला न्या आणि कान सर्व्होकडे ठेवा. हलताना त्याचा आवाज किरकिरा, तुटक असतो. टोकाला जाऊन अडला की बारीक, अखंड घुंऽऽ असा सूर लागतो आणि बोट लावलं तर डबी थरथरते. तो सूर आला की लगेच मागे या, आवाज थांबेल तिथून आणखी वीस-तीस मायक्रोसेकंद आत घ्या, आणि तो आकडा 'चॅनेल सेटिंग्ज' पानावर त्या चॅनेलच्या किमान किंवा कमाल रकान्यात लिहा. दुसऱ्या टोकालाही तेच. बाहुलीचा हात, कपडे, दागिने चढवल्यावर हे पुन्हा करा, कारण धोतराची घडीही हाताला अडते. दहा दिवस रोज तासन् तास चालणाऱ्या देखाव्यात सर्व्हो मरतात ते बहुतेक टोकाला दाबून ठेवल्यामुळे. शेवटी 'अप्लाय सेटिंग्ज' दाबायला विसरू नका.

त्याच पानावर वेग ठरवता येतो. वेगाचं एक एकक म्हणजे दर १० मिलिसेकंदांना पाव मायक्रोसेकंद. वीणेकऱ्याच्या मानेला मी ८ देतो, म्हणजे सेकंदाला २०० मायक्रोसेकंद. मान १३०० वरून १७०० वर यायला दोन सेकंद घेते आणि खरंच तल्लीन झाल्यासारखी वाटते. पखवाजीच्या हातांना ०, म्हणजे वेगाला बंधन नाही. अ‍ॅक्सिलरेशन थोडं दिलं की मान सुरू होताना आणि थांबताना झटका देत नाही. एक लक्षात ठेवा: वीज आल्यावर पहिली हालचाल मात्र झटक्यातच होते, कारण सर्व्हो आधी कुठे होता हे बोर्डाला माहीत नसतं. म्हणून बाहुल्यांना सुरुवातीला जागा मोकळी ठेवा.

हालचाली बसवायला 'सीक्वेन्स' पान सोपं आहे. सरकपट्ट्यांनी पोझ लावायची, फ्रेम सेव्ह करायची, पुढची पोझ, पुढची फ्रेम. पखवाजासाठी मात्र मी स्क्रिप्ट हाताने लिहितो. तिथे आकडा पाव मायक्रोसेकंदात द्यायचा, म्हणजे १५०० साठी ६०००. आधी हा आकडा, मग चॅनेल, मग 'सर्व्हो' हा शब्द. थांबायचं असेल तर मिलिसेकंद आणि मग 'डिले'. 'बिगिन' आणि 'रिपीट' यांच्यामध्ये सगळं घातलं की ठेका चालू राहतो. बोल आधी तोंडाने म्हणा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, दोन थापांमधलं अंतर मोजा आणि तेच आकडे डिलेत भरा. स्क्रिप्ट सुरुवातीलाच चालू व्हावी ही टिक केली की मंडपात कंप्युटर नेण्याची गरज नाही. 'सीरियल सेटिंग्ज' पानावर 'नेव्हर स्लीप' ही टिक केली की बोर्डाला मोबाइलचा चार्जर, सर्व्होंना एसएमपीएस, एवढं पुरतं; ती नसेल तर चार्जरवर बोर्ड झोपी जातो.

कंप्युटरवरूनच, गाण्याबरोबर पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेने चालवायचं असेल तर 'सीरियल सेटिंग्ज' मध्ये यूएसबी ड्युअल पोर्ट निवडा. नवा बोर्ड यूआर्ट मोडमध्ये, म्हणजे यूएसबीऐवजी बोर्डावरच्या सीरियल पिनेवरून हुकूम घेणाऱ्या स्थितीत, येतो आणि तसाच ठेवला तर तुमचा प्रोग्रॅम कितीही बरोबर असला तरी सर्व्हो हलत नाहीत. नंतर दोन पोर्ट दिसतील. त्यांतला कमांड पोर्ट घ्या. लिनक्सवर आपलं नाव डायलआउट ग्रुपमध्ये (पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांच्या यादीत) घालावं लागतं. पाठवायचे बाइट चार: १३२ (जागा ठरवण्याचा हुकूम), चॅनेल, मग ६००० ला १२८ ने भागल्यावर उरणारी बाकी ११२, आणि भागाकार ४६. १२०० मायक्रोसेकंद हवे असतील तर ४८००, म्हणजे बाकी ६४, भागाकार ३७. वेगासाठी १३२ च्या जागी १३५ आणि सगळे हात मूळ जागी न्यायचे तर एकटा १६२.

लाल दिवा लागला तर 'एरर्स' पानावर कारण लिहिलेलं असतं, ते वाचून मगच पुढे जा. मंडपात नेण्याआधी घरी पूर्ण संध्याकाळभर चालवून पाहा आणि सगळे हात हलत असताना पॉवरच्या पिनांवर मल्टिमीटर धरा. ४.८ व्होल्टच्या खाली काटा जात असेल तर वायर जाड करा किंवा एसएमपीएस बाहुल्यांच्या जवळ, स्टेजखाली आणा. हलक्या, स्वतःच्या तोलावर राहणाऱ्या भागाला, जशी पताका, हालचालींच्या मधल्या वेळात स्क्रिप्टमध्ये पाव मायक्रोसेकंदांच्या जागी ० हा आकडा द्या. पल्स बंद होतात, गुणगुण थांबते आणि सर्व्हो गार राहतो. पखवाजीच्या हाताला मात्र तसं करू नका, तो खाली लोंबेल.