हॉट प्लेट आणि फॉन फ्रे: उंदरांची दुखण्याची (पेन) टेस्ट घेताना हात कुठे चुकतो

दुखणं कमी करणारं औषध तपासायला नवीन मशीन लॅबमध्ये आलं की सगळ्यांना घाई असते, उंदीर ठेवा आणि बटन दाबा. जरा थांबा. मशीन फक्त सेकंद किंवा ग्रॅम मोजतं, उंदराला दुखलं की नाही हे बघून ठरवणारे तुम्हीच. आणि एथिक्स कमिटीची मंजुरी आलेली नसेल तर प्लगसुद्धा लावू नका.

हॉट प्लेट दिसायला सगळ्यात सोपी. गरम पत्रा, वर पारदर्शक सिलिंडर, बाजूला टायमर. तापमान साधारण 52 ते 55 डिग्री सेल्सिअस ठेवतात, पण डिस्प्लेवर 55 आलं म्हणून प्लेट सगळीकडे 55 आहे असं धरून चालू नका, वेगळा प्रोब (तापमान मोजायची काडी) घेऊन मधे आणि चारही कोपऱ्यात चेक करा. दोन उंदरांच्या मधे प्लेट ओल्या फडक्याने पुसलीत की ती गार होते, परत तापमान येऊ द्या मगच पुढचा उंदीर ठेवा, नाहीतर पुढच्याला उगाचच वेळ जास्त लागतो आणि आपण समजतो औषध काम करतंय.

कटऑफ, म्हणजे उंदीर जास्तीत जास्त किती वेळ ठेवायचा ते, आधी ठरवा आणि मशीनमध्ये सेट करा. 52 ला 30 सेकंद, 55 ला 20 सेकंद असं बरेच जण घेतात. कटऑफ झाला की रिअ‍ॅक्शन येवो न येवो, उंदीर उचलायचाच, कारण पुढे पाय भाजतो आणि मग ती टेस्ट राहत नाही, इजा होते.

बघायचं काय? मागचा पाय चाटणं, झटकणं किंवा उडी. पुढचे पाय उंदीर एरवीही तोंड पुसताना चाटतो, म्हणून ते धरू नका. आणि त्याच उंदराला सारखं सारखं ठेवलं तर तो प्लेट ओळखायला लागतो, वेळ आपोआप कमी होत जाते, त्यामुळे औषध न दिलेल्या कंट्रोल ग्रुपलाही तेवढ्याच वेळा ठेवा.

औषधाचा इफेक्ट किती, हा हिशोब सोपा आहे. औषधाआधी 8 सेकंद, नंतर 19, कटऑफ 30. म्हणजे 19 वजा 8 भागिले 30 वजा 8, 22 मधले 11, झाला 50 टक्के इफेक्ट.

टेल फ्लिक थोडक्यात सांगतो. शेपटीवर गरम प्रकाशाची तिरीप, शेपटी हलली की टायमर बंद, कटऑफ बहुतेक 10 सेकंद. हा मुख्यतः मणक्यातला रिफ्लेक्स आहे, आणि शेपटी गार असेल तर वेळ वाढते, तेव्हा खोलीचं तापमान रोज सारखं ठेवा. एकाच पायाला सूज असेल तर मात्र 1988 ची हारग्रीव्हज पद्धत बरी, काचेखालून एकेका पंजावर उष्णता देता येते. काचेवर लघवी झाली तर लगेच पुसा.

आता फॉन फ्रे, म्हणजे पंजाला बारीक तंतू (फिलामेंट) टेकवून किती दाबाला उंदीर पाय ओढतो ते बघायचं, इथे खरी गंमत. मॅक्सिमिलियन फॉन फ्रे यांनी 19 व्या शतकाच्या शेवटी घोड्याचे केस वापरले होते, आपल्याकडे नायलॉनचे फिलामेंट असतात. हँडलवर 4.31 लिहिलेलं असतं ते ग्रॅम नाही हं! तो लॉगचा आकडा आहे, 4.31 म्हणजे साधारण 2 ग्रॅम. नवीन मुलं हमखास इथे फसतात.

उंदीर जाळीवर ठेवा आणि फिरणं, हुंगणं थांबेपर्यंत अर्धा तास तरी नुसतं बसू द्या. मग खालून, पंजाच्या मधोमध, सरळ काटकोनात टेकवा, फिलामेंट किंचित वाकेपर्यंत दाबा आणि धरून ठेवा, टोचू नका, घासू नका. पाय पटकन ओढला, झटकला किंवा चाटला तर रिस्पॉन्स. सहज चालायला लागला तर नाही, थांबून परत घ्या.

रॅटसाठी (मोठ्या जातीच्या उंदरासाठी) चॅपलन यांच्या 1994 च्या पद्धतीत 2 ग्रॅमपासून सुरुवात करतात, रिस्पॉन्स आला तर खालचा (कमी ग्रॅमचा) फिलामेंट, नाही आला तर वरचा, आणि पहिल्यांदा उत्तर बदललं की त्यानंतर आणखी 4 वेळा. वरची हद्द साधारण 15 ग्रॅम, कारण त्यापुढे पाय दुखून नाही, नुसताच ढकलून उचलला जातो.

टेस्ट कोण घेतंय याचाही फरक पडतो बरं का. 2014 च्या एका अभ्यासात पुरुष जवळ असताना, अगदी त्याने घातलेला टी-शर्ट ठेवला तरी, उंदरांना ताण येऊन दुखण्याची रिअ‍ॅक्शन कमी झाली. म्हणून एका प्रयोगात माणूस बदलू नका, आणि कुठल्या उंदराला औषध दिलंय हे त्या माणसाला माहीत नको.

नायलॉन हवेतल्या दमटपणाने मऊ पडतं, तेव्हा अधूनमधून फिलामेंट वजनकाट्यावर दाबून बघा. 2 ग्रॅमचा 1.6 दाखवत असेल किंवा टोक वाकडं झालं असेल तर तो बाजूला काढा.