मेणबत्तीच्या उजेडात माणसांची छायाचित्रे कशी काढावीत

मेणबत्तीच्या उजेडातले छायाचित्र फसले की दोष कॅमेऱ्याला दिला जातो. अडचण बहुधा अंतराची असते. साध्या मेणबत्तीची प्रखरता सुमारे १ कँडेला असते, म्हणजे तिच्यापासून एक मीटरवर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जेमतेम १ लक्स उजेड पडतो. अंतर निम्मे केले की हा उजेड चौपट होतो. चेहरा ६० सेंटिमीटरवरून ३० सेंटिमीटरवर आणल्याने होणारा लाभ आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० वरून ६४०० वर नेण्याइतकाच असतो, शिवाय चित्र दाणेदार होत नाही. म्हणून आधी माणूस आणि मेणबत्ती जवळ आणावीत, सेटिंगकडे नंतर वळावे.

छताचा पंखा बंद करावा आणि खिडक्या लावून घ्याव्यात, कारण हलणारी ज्योत लांब एक्स्पोजरमध्ये (शटर बराच वेळ उघडे राहते तेव्हा) आकार हरवून नुसता पांढरा ठिपका होते. ट्यूबलाइट, टीव्ही आणि शेजारच्या खोलीतला दिवाही बंद असावा. त्यांचा निळसर प्रकाश मिसळला की त्वचेचे रंग नंतर कितीही प्रयत्न केले तरी नीट जुळत नाहीत. फ्लॅश वापरण्याचा प्रश्नच येत नाही. मेणबत्ती टेबलावर ठेवल्यास प्रकाश खालून येऊन चेहरा भुतासारखा दिसतो, तेव्हा दोन-तीन डबे एकावर एक रचून ज्योत हनुवटीच्या किंवा गालाच्या उंचीला आणावी. अंधाऱ्या बाजूला पांढरा थर्मोकोल किंवा कार्डपेपर धरला, तर सावल्या पुरेशा सौम्य होतात. केस, ओढणी आणि पडदे ज्योतीपासून दूर आहेत ना, हे पाहावे.

एक मेणबत्ती चेहऱ्यापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर आयएसओ १६००, एफ १.८ (लेन्सचे छिद्र; आकडा लहान तितके ते मोठे) आणि शटरसाठी १/२० ते १/३० सेकंद येथून सुरुवात करावी; तीन मेणबत्त्या एकत्र ठेवल्या तर १/६० सेकंदही पुरते. शटरची गती याहून कमी ठेवायची झाल्यास ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर वापरावा, मात्र ट्रायपॉड केवळ कॅमेरा स्थिर करतो, समोरच्या माणसाला नाही. कोपर टेबलावर टेकवून बसायला सांगणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. प्रकाशाची मोजणी स्पॉट मीटरिंगने (चौकटीतल्या फक्त एका लहान भागाचा प्रकाश मोजून) उजळलेल्या गालावर करावी. ज्योत चौकटीत असताना कॅमेऱ्यावर सोपवले, तर तिच्या प्रखरतेमुळे किंवा भोवतालच्या काळोखामुळे त्याचा अंदाज एका ना एका बाजूला चुकतो.

ज्योत आणि चेहरा यांच्या उजळपणातला फरक इतका मोठा असतो की दोन्हींतले बारकावे एकाच चित्रात क्वचितच टिकतात. त्यावर सर्वांत चांगला उपाय चित्रकारांकडे सापडतो. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे (अनेक जण ते रविवर्म्याचे समजतात, हे हळदणकरांवर अन्यायकारक आहे). त्यातील स्त्री दिव्यावर हात आडवा धरते. ज्योत पाहणाऱ्याला दिसत नाही, पण बोटांच्या कडा लालसर उजळतात आणि चेहऱ्यावर पडलेला प्रकाश कुठून येतो, हे लगेच कळते. छायाचित्रातही हाताने, पेल्याने किंवा पुस्तकाने ज्योत कॅमेऱ्यापासून लपवावी. प्रखर भाग नाहीसा झाला की चेहऱ्यासाठी एक्स्पोजर (चित्रात किती प्रकाश घ्यायचा ते) मोकळेपणाने ठरवता येते, आणि चित्रही अधिक चांगले होते, असे माझे मत आहे.

५० मिलिमीटर लेन्स एफ १.८ वर असताना एक मीटरवर जेमतेम तीन-चार सेंटिमीटर खोली स्पष्ट दिसते. जवळचा डोळा स्पष्ट असेल, पण कान धूसर होईल. अशा उजेडात ऑटोफोकस चाचपडत राहतो, म्हणून क्षणभर टॉर्च डोळ्यावर टाकून फोकस साधावा, तो मॅन्युअलवर टाकून स्थिर करावा आणि टॉर्च बंद करून चित्र घ्यावे. मोबाइलवर चेहऱ्याला स्पर्श करून फोकस धरावा आणि उजळपणा बोटाने खाली ओढावा, कारण नाइट मोड मेणबत्तीच्या खोलीला उजळ दिवाणखाना करून टाकतो.

मेणबत्तीचे रंगतापमान (प्रकाशाच्या छटेचे माप; आकडा कमी तितकी छटा नारिंगी) सुमारे १९०० केल्विन असते, तर अनेक कॅमेऱ्यांची व्हाइट बॅलन्सची (प्रकाशाची छटा काढून पांढरा रंग पांढरा दाखवणारी सोय) मर्यादा २५०० पासून सुरू होते. त्यामुळे थोडी नारिंगी छटा उरतेच आणि ती राहू द्यावी. ऑटो व्हाइट बॅलन्स ही छटा बऱ्याच अंशी काढून टाकतो, म्हणून केल्विन हाताने ठरवावे आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) ठेवावी. या प्रकाशात लाल घटक सर्वांत आधी भरून वाहतो, म्हणजे त्यातले बारकावे हरवतात. एकत्रित हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) निर्धोक दिसत असतानाही गालावर लाल डाग उमटलेला असतो, तेव्हा तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम पाहून एक्स्पोजर थोडे कमी करावे. निळा घटक मात्र इतका अल्प असतो की दाणे प्रामुख्याने त्यातच दिसतात. ते फारच खटकत असतील, तर संपादनात कृष्णधवल रूपांतर करताना निळ्याचा वाटा शून्याजवळ आणून चित्र लाल आणि हिरव्या घटकांवर उभे करावे.