यूपीएससी नागरी सेवा परीक्षा: अर्जापासून निकालापर्यंत काय काय करावं लागतं

यूपीएससीबद्दल चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळ्यांना सगळं माहीत असतं. फक्त अधिसूचना कुणी वाचलेली नसते. पहिल्या वर्षी मीही वाचली नव्हती. सरांनी फळ्यावर लिहिलेलं वहीत उतरवलं आणि त्या भरवशावर अर्ज भरला. पुढे कळलं की अभ्यासात मागे पडलेला उमेदवार पुढच्या वर्षी भरून काढू शकतो, पण अर्जात चुकलेल्याचं अख्खं वर्ष जातं. म्हणून हा लेख पुस्तकांच्या यादीपासून सुरू न करता अर्जापासून सुरू करतो.

आधी आपण बसतो का ते बघा

पदवी कुठल्याही शाखेची चालते आणि टक्क्यांची अट नाही. मुक्त विद्यापीठाची मान्यताप्राप्त पदवीही चालते. परीक्षेचे टप्पे तीन: पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत. शेवटच्या वर्षाला असलेल्यांना पूर्व परीक्षा देता येते, मात्र मुख्य परीक्षेच्या टप्प्यावर उत्तीर्ण झाल्याचा पुरावा द्यावा लागतो.

वय परीक्षेच्या वर्षातल्या 1 ऑगस्टला मोजतात. त्या दिवशी 21 पूर्ण हवीत आणि 32 पूर्ण झालेली नसावीत. म्हणजे 2025 च्या परीक्षेसाठी जन्म 2 ऑगस्ट 1993 ते 1 ऑगस्ट 2004 या दरम्यानचा हवा होता. ओबीसींना 3 वर्षांची, अनुसूचित जाती-जमातींना 5 वर्षांची आणि दिव्यांगांना 10 वर्षांची सवलत आहे. ईडब्ल्यूएसला, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना, आरक्षण आहे, पण वयात किंवा अटेम्प्टमध्ये सवलत नाही. हे अनेकांना अर्ज भरतानाच कळतं.

खुल्या प्रवर्गाला 6 अटेम्प्ट मिळतात आणि ओबीसींना 9. खुल्या, ईडब्ल्यूएस आणि ओबीसी प्रवर्गातल्या दिव्यांगांनाही 9 मिळतात. अनुसूचित जाती-जमातींना वयाची मर्यादा संपेपर्यंत कितीही वेळा बसता येतं. अटेम्प्ट कधी मोजला जातो, यावर अभ्यासिकेत कायम वाद चालतो. उत्तर सरळ आहे. नुसता अर्ज भरला आणि गेलाच नाहीत, तर मोजत नाहीत. पूर्व परीक्षेच्या दोनपैकी एका पेपरला जरी बसलात, तरी मोजतात. तयारी झालेली नसताना ‘नुसता अनुभव घ्यायला’ जाणाऱ्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांनी हा हिशेब आधी करावा. अनुभव घरी घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिकेवरही घेता येतो.

अर्ज: घाई इथे करू नका

अर्ज केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या, म्हणजे यूपीएससीच्या, संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. पूर्व परीक्षेचं शुल्क 100 रुपये आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना ते माफ आहे. भारतीय वनसेवेची पूर्व परीक्षाही हीच असते. विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी अशा तिथल्या अटींत तुमची पदवी बसत असेल, तर त्याच अर्जात तो पर्यायही निवडता येतो.

महाराष्ट्रातल्या मुलांची पहिली अडचण असते नावाची. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर क्रम उलटा असतो, कधी वडिलांचं नाव गायब, तर कधी स्पेलिंग वेगळं. आयोग नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरून धरतो. आधारमधला फरक अधिसूचना येण्याआधीच दुरुस्त करून घ्या. शेवटच्या आठवड्यात आधार केंद्रावर रांग लावण्याची वेळ येऊ नये.

दुसरी अडचण जातीच्या प्रवर्गाची, आणि ती जास्त महाग पडते. राज्याच्या परीक्षांमध्ये विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) असे वेगवेगळे रकाने असतात. केंद्राच्या अर्जात ते नसतात. तिथे फक्त अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि खुला प्रवर्ग. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, हे स्वतः तपासा. राज्याच्या यादीत असणं पुरेसं नाही. नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्रही केंद्र सरकारच्या नमुन्यातच हवं. सेतू केंद्रात नुसतं ‘नॉन-क्रीमीलेयर द्या’ म्हटलं की हाती राज्याचा नमुना पडतो. ‘केंद्राच्या नोकरीसाठी’ असं स्पष्ट सांगा आणि प्रमाणपत्र हातात आल्यावर वाचून बघा. अधिसूचनेत ते कुठल्या आर्थिक वर्षांच्या उत्पन्नावर आधारलेलं आणि कुठल्या तारखेपर्यंतचं हवं, हेही दिलेलं असतं. एक दिवस उशिराचं प्रमाणपत्र घेऊन मुलाखतीपर्यंत पोचलेले उमेदवार अडचणीत आले आहेत.

परीक्षा केंद्राची निवडही लवकर करावी. महाराष्ट्रात पूर्व परीक्षा मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे, नवी मुंबई, छत्रपती संभाजीनगर इथे होते. बहुतेक केंद्रांची क्षमता ठरलेली असते आणि आधी अर्ज भरणाऱ्याला आधी जागा मिळते. मुख्य परीक्षेची केंद्रं फार कमी आहेत, आपल्याकडचे बहुतेकजण मुंबईला जातात.

वैकल्पिक विषय आणि मुख्य परीक्षेचं माध्यम हे निर्णयही अर्जातच घ्यावे लागतात, नंतर बदल मागून मिळत नाही. मराठी माध्यम घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: उत्तरं मराठीत लिहिता येतात, पण प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच असते. पूर्व परीक्षेचीही तशीच. त्यामुळे मराठीत लिहिणाऱ्यालाही इंग्रजीत किंवा हिंदीत वाचायची सवय लागतेच. पारिभाषिक शब्दांचं इंग्रजी रूप कंसात देण्याची मुभा आहे आणि ती वापरावी. मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घ्यायला मराठीची पदवी लागत नाही. ‘आपली मातृभाषा आहे, सोपं जाईल’ एवढ्यावरच तो घेतलेले मात्र जुन्या वाङ्मयापाशी अडकतात. विषय निवडण्याआधी त्याचा अभ्यासक्रम आणि पाच वर्षांचे प्रश्न वाचा, तासाभराचं काम आहे.

पूर्व परीक्षा: गुण इथेच संपतात

एकाच दिवशी दोन पेपर असतात, प्रत्येकी 200 गुणांचे आणि दोन तासांचे. सकाळी 9:30 ला सामान्य अध्ययन, 100 प्रश्न. दुपारी 2:30 ला सीसॅट, म्हणजे उताऱ्यांचं आकलन, तर्क आणि गणिताचा पेपर, 80 प्रश्न. केंद्राचं फाटक अर्धा तास आधी बंद होतं आणि त्यानंतर कुणालाही घेत नाहीत. उत्तरपत्रिका काळ्या बॉलपेननेच भरायची.

मुख्य परीक्षेला कोण जाणार हे फक्त पहिल्या पेपरवर ठरतं. सीसॅटमध्ये 33 टक्के, म्हणजे 66 गुण मिळवले की झालं. 2015 पासून असंच आहे. एकही चूक न करता 27 प्रश्न बरोबर आले तरी भागतं. ऐकायला सोपं वाटतं, म्हणून लोक शेवटच्या आठवड्यापर्यंत त्याला हात लावत नाहीत. मग पहिल्या पेपरला उत्तम गुण असूनही बाहेर पडतात, कारण सीसॅट निघालं नाही तर ते गुण विचारातच घेतले जात नाहीत. गणित दहावीनंतर सुटलं असेल, तर आठवड्यातले दोन दिवस त्याला द्या.

चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश गुण कापतात. इथे थोडं गणित करून बघण्यासारखं आहे. पहिल्या पेपरात बरोबर उत्तराला 2 गुण आणि चुकलं तर उणे 0.66. चारही पर्यायांपैकी काहीच माहीत नसताना डोळे मिटून खूण केली, तर चार वेळांत सरासरी एकदा बरोबर येईल, तीनदा चुकेल. दोन गुण आले, दोन गेले. शून्य. पण एक पर्याय खात्रीने खोडता आला, तर तीन वेळांत एकदा 2 गुण मिळतात आणि 1.33 जातात, म्हणजे हिशेब तुमच्या बाजूने झुकतो. दोन खोडता आले तर आणखीच. म्हणून ‘खात्री असेल तरच लिहा’ हा सल्ला जितका शहाणपणाचा वाटतो तितका नाही. किती प्रश्न सोडवावेत, हा आकडा सराव परीक्षांतल्या स्वतःच्या चुका मोजूनच ठरतो. शेजारच्याचा आकडा उपयोगाचा नाही.

कटऑफ दर वर्षी हलतो. खुल्या प्रवर्गाचा 2022 ला 88.22 होता, 2023 ला 75.41 आणि 2024 ला 87.98. पेपर अवघड गेला म्हणून दुपारचा पेपर सोडून घरी येऊ नका, 2023 ला तो सगळ्यांनाच अवघड गेला होता. एकूण जागांच्या साधारण बारा-तेरा पट उमेदवार मुख्य परीक्षेला घेतात. पूर्वचे गुण पुढे कुठेही धरत नाहीत.

मुख्य परीक्षा: लिहिण्याची

नऊ पेपर, प्रत्येकी तीन तास. त्यातले दोन भाषेचे, मराठी आणि इंग्रजी, 300-300 गुणांचे. त्यात 25 टक्के, म्हणजे 75 गुण मिळवायचे. ते क्रमवारीत धरत नाहीत, पण नापास झालात तर बाकीचे सात पेपर तपासूनही उपयोग नाही. मराठीच्या पेपरात 100 गुणांचा निबंध, 60 चं उताऱ्याचं आकलन, 60 चं सारांशलेखन, दोन्ही बाजूंचं भाषांतर मिळून 40 आणि व्याकरण 40 असतं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांनी तो एकदा तरी हाताने लिहून बघावा. ऱ्हस्व-दीर्घाची भीती नंतर, आधी तीन तास देवनागरी लिहायची सवय हवी.

खरी क्रमवारी 1750 गुणांवर लागते: निबंध 250, सामान्य अध्ययनाचे चार पेपर 1000 आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर 500. निबंधाच्या पेपरात दोन निबंध, प्रत्येकी 125 गुणांचे. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात इतिहास, भूगोल आणि समाज. दुसऱ्यात राज्यघटना, प्रशासन आणि परराष्ट्र संबंध. तिसऱ्यात अर्थव्यवस्था, शेती, पर्यावरण, सुरक्षा, आपत्ती. चौथा नीतिशास्त्राचा, त्यात प्रसंग देऊन ‘तुम्ही काय कराल’ विचारतात.

पहिल्या तिन्ही पेपरांत 20-20 प्रश्न असतात, दहा 150 शब्दांचे आणि दहा 250 शब्दांचे. 180 मिनिटांत 20 प्रश्न म्हणजे एका उत्तराला वाचून, विचार करून, लिहून नऊ मिनिटं. हुशार मुलं इथे हमखास फसतात. पहिल्या सहा उत्तरांत जीव ओततात आणि शेवटची चार कोरी राहतात. साधारण उत्तराला काही गुण मिळतात, कोऱ्या पानाला नाही. त्यामुळे वाचन ‘पूर्ण झाल्यावर’ लिहायला बसू असं म्हणू नका, ते कधीच पूर्ण होत नाही. पूर्व परीक्षेच्या आधीपासूनच रोज दोन उत्तरं घड्याळ लावून लिहा आणि निर्दयपणे तपासणाऱ्या कुणाला तरी दाखवा.

मुलाखत

जागांच्या साधारण दुप्पट-अडीचपट उमेदवारांना दिल्लीत शाहजहान रोडवरच्या धोलपूर हाउसमध्ये बोलावतात. 275 गुण, किमान गुणांची अट नाही, वेळ अर्ध्या तासाच्या आसपास. मंडळाचे अध्यक्ष आयोगाचे सदस्य असतात. मुलाखत मराठीतूनही देता येते, दुभाषी असतो.

प्रश्न बरेचसे तुम्हीच पुरवलेले असतात. सविस्तर अर्जात, ज्याला सगळे डॅफ म्हणतात, गाव, शिक्षण, छंद, नोकरी, सेवांचा पसंतीक्रम असं सगळं लिहिलेलं असतं आणि तो कागद मंडळाच्या समोर असतो. छंदाच्या रकान्यात ‘ट्रेकिंग’ लिहिलं आणि आपल्याच तालुक्यातल्या किल्ल्याबद्दल चार वाक्यं बोलता आली नाहीत, तर अवघड होतं. काही करत नसाल तर काही लिहू नका. आपल्या जिल्ह्यातली धरणं, पिकं, कारखाने, स्थलांतर यांच्याबद्दल वाचून जावं. माहीत नसेल तिथे ‘माहीत नाही, सर’ म्हणण्याने नुकसान होत नाही.

अंतिम यादी मुख्य परीक्षेचे 1750 आणि मुलाखतीचे 275 अशा एकूण 2025 गुणांपैकी मिळालेल्या गुणांवर लागते. 2024 च्या परीक्षेत देशात पहिल्या आलेल्या शक्ती दुबे यांना 1043 गुण होते, म्हणजे जेमतेम साडेएक्कावन्न टक्के. दहावी-बारावीच्या नव्वद टक्क्यांवर वाढलेल्या घरांना हे सांगून ठेवायला हवं. सराव परीक्षेत चाळीस टक्के पडले म्हणून घरात शोककळा पसरायचं कारण नाही. पुढे गुणानुक्रम, पसंतीक्रम, प्रवर्ग आणि वैद्यकीय तपासणी यांवरून सेवा मिळते. आयएएस झालेले मसुरीला जातात, आयपीएस पुढे हैदराबादला, आयकर विभागात गेलेले आपल्या नागपूरच्या अकादमीत.

एक गोष्ट मात्र आत्ताच वहीत लिहा. 2024 च्या परीक्षेची अधिसूचना 14 फेब्रुवारी 2024 ला आली आणि निकाल 22 एप्रिल 2025 ला लागला. पुढची पूर्व परीक्षा 25 मे 2025 ला होती, निकालानंतर तेहतीस दिवसांनी, आणि तिच्या अर्जाची मुदत फेब्रुवारीतच संपली होती. मुलाखत कितीही छान झाली असो किंवा व्हायची असो, पुढच्या वर्षीचा अर्ज मुदतीत भरून ठेवा. यादीत नाव आलं तर 100 रुपये गेले.