वायंगणी भातावर पांढरं दिसलं? या चुका टाळा

बांधावरच्या माडाखालच्या कुणग्यात, म्हणजे खाचरात, वायंगणी (उन्हाळी) भाताची पाती काळी पडली, हाताला चिकट लागली, तेव्हा मी आधी भातावरच औषध मारलं. आठवड्याभरात पाती पुन्हा काळी. मग मान वर केली. झावळांच्या खालच्या बाजूला पांढऱ्या मेणाच्या गोल गोल रेघा होत्या. रुगोज चक्राकार पांढरी माशी, भारतात २०१६ साली तमिळनाडूतल्या पोल्लाचीत पहिल्यांदा नोंदलेली. तिचा गोड चिकटा खाली गळतो, त्यावर काळी बुरशी चढते. कीड माडावर आणि फवारा भातावर, ही पहिली चूक.

दुसरी चूक ओळखण्यातली. पांढरं उडतं ते सगळं पांढरी माशी नव्हे. खोडकिड्याच्या मादीच्या पिवळट पंखावर एकेक काळा ठिपका असतो, आणि ती पांढऱ्या माशीपेक्षा कितीतरी मोठी. चुडाच्या (भाताच्या रोपांच्या झुबक्याच्या) बुंध्याशी आणि पाण्यावर दिसणारी पांढरी टरफलं तुडतुड्यांची कात असते. भाताची खरी पांढरी माशीही आहे, ॲल्युरोसायबोटस इंडिकस; गवतावरही राहते. तिची पिल्लं पात्याला खवल्यासारखी चिकटून बसतात, बोट लावलं तरी जागची हलत नाहीत. तुडतुडे मात्र लगेच तिरके पळतात.

निदान चुकलं की खतही चुकतं. तुडतुडे असताना पीक पिवळं दिसतं म्हणून युरिया टाकला, तर ते आणखी वाढतात. उसाच्या पांढऱ्या माशीचं उलटं: पाणी साचलेल्या, नत्र कमी पडलेल्या खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) ती जास्त. तिथे आधी चर काढून पाणी बाहेर काढा.

माडावर जहाल औषध मारू नका, ही माझी कळकळीची विनंती. एन्कार्सिया नावाची बारीक गांधीलमाशी माडावरच्या पांढऱ्या माशीच्या पिल्लांत अंडी घालते, आणि औषधाने आधी तीच मरते. झावळाची एक पाती तोडा, भिंग घेऊन उन्हात धरा. रिकाम्या कोशावर इंग्रजी टीच्या आकाराची चीर असेल तर त्यातून पांढरी माशी बाहेर पडली. नीट गोल भोक असेल तर एन्कार्सिया. गोल भोकं बरीच दिसली तर काळ्या झावळांवर फक्त १ टक्का मैद्याची खळ फवारा. ती वाळली की काजळी पापुद्र्यासारखी सुटते. आणि अशा गोल भोकांच्या पात्या जाळू नका. कीड लागलेल्या दुसऱ्या माडाला बांधा, म्हणजे एन्कार्सिया तिथेही पसरेल.