पेरूची भारीतली ट्रिप करताय? मग या चुका टाळा

पेरूच्या ट्रिपा आखून देणं हे माझं काम, त्यामुळे लोकांनी स्वतः बनवलेले प्लॅन "जरा नजर टाका ना" म्हणून सारखे येत असतात. हॉटेलं एकाहून एक, ट्रेन लक्झरी, गाईड प्रायव्हेट, सगळं झकास, आणि दुसऱ्याच दिवशी लिहिलेलं असतं: सकाळी कुस्को, दुपारी सिटी टूर. तिथेच मी डोक्याला हात लावते.

कुस्को हे डोंगरातलं शहर साधारण ३,४०० मीटरवर आहे आणि राजधानी लिमा, जिथे तुम्ही आधी उतरता, समुद्रकाठी. विमान दीड तासाच्या आत तुम्हाला खालून वर नेऊन टाकतं. वर पोचल्यावर श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन खालच्यापेक्षा जवळपास एक तृतीयांशाने कमी, आणि त्याला तुमच्या हॉटेलचे स्टार माहीत नसतात.

एका पुण्याच्या कुटुंबाचं सांगते. काका-काकू, मुलगा, सून. मुलगा मॅरेथॉन पळणारा, त्यामुळे मी "आधी खाली व्हॅलीत राहा" म्हटलं तर त्याचं उत्तर ठरलेलं, "अहो ताई, आम्ही लेह केलंय." लेहला पण पहिले दोन दिवस झोपून काढतात हे तो सोयीने विसरला होता. मुंबई ते लिमा डायरेक्ट फ्लाइट नाही, युरोपातून फिरून जायचं, म्हणजे झोपेचं आधीच खोबरं झालेलं, तसेच पुढच्या विमानाने कुस्कोला उतरले, बॅगा टाकल्या आणि हा पठ्ठ्या बायकोला घेऊन चालत साक्सायवामानला चढला, स्पॅनिशांच्या आधी इथे राज्य करणाऱ्या इंकांचा तो जुना किल्ला, जो कुस्कोच्याही वर ३,७०० मीटरच्या आसपास आहे. संध्याकाळी पिस्को सावर, म्हणजे तिथलं दारूचं कॉकटेल, वर भरपेट जेवण. रात्री अकराला मला मेसेज, डोकं फुटतंय, उलट्या थांबत नाहीत. हॉटेलने डॉक्टर बोलावला, ऑक्सिजन लावला, डॉक्टर म्हणाला दोन दिवस हलायचं नाही. दुसऱ्या दिवशीची माचू पिक्चूची, म्हणजे डोंगरातल्या त्या प्रसिद्ध इंका शहराची, तिकिटं गेली, ट्रेनचे पैसे गेले. काकू मात्र ठणठणीत, कारण त्या आल्या आल्या कोकाच्या पानांचा चहा पिऊन पांघरूण ओढून झोपल्या होत्या! फिटनेसचा आणि उंची लागण्याचा संबंध नाही, हे मी जिम करणाऱ्या मंडळींना सांगून सांगून थकले.

माझी सवय एकच आहे. कुस्को एअरपोर्टवरून गाडी थेट खाली उरुबांबाच्या खोऱ्यात, म्हणजे सेक्रेड व्हॅलीत न्यायची. तिथे उंची २,८०० ते २,९०० मीटर, हॉटेलं पण मस्त, बागा बिगा. दोन-तीन रात्री तिथे, पिसाक आणि ओयांतायतांबोचे इंका अवशेष आरामात, मग माचू पिक्चू (ते २,४३० मीटरवरच आहे, लोकांना वाटतं सगळ्यात उंच तेच), आणि कुस्को शेवटी. पहिल्या दिवशी दारू नाही, जेवण हलकं. डायमॉक्सचं, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं, आपल्या डॉक्टरला निघण्याआधी विचारा, सल्फाची अॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. कुस्कोत काही हॉटेलं खोलीत जास्तीचा ऑक्सिजन सोडतात, छान झोप लागते, पण दिवसभर गावात फिरायचंय ते बाहेरच्याच हवेत ना.

दुसरी चूक म्हणजे माचू पिक्चूचं तिकीट "कुठलंही चालेल" म्हणून काढणं. २०२४ पासून तिथे तीन सर्किट, म्हणजे आत फिरायचे ठरलेले मार्ग, आहेत आणि त्यांच्या आत मिळून दहा रूट. तिकिटावर तारीख, आत जायची वेळ, रूट आणि पासपोर्टवरचं नाव, चारही पक्कं. तुमच्या डोक्यात जो फोटो आहे ना, खाली सगळं शहर आणि मागे तो सुळका वायना पिक्चू, तो वरच्या पायऱ्यांवरून मिळतो, म्हणजे सर्किट एक किंवा दोन. सर्किट एकमध्ये वरून बघून परत, खाली शहरात शिरता येत नाही. तीन खालून जातं. दोनमध्ये वरचा व्ह्यू पण आणि शहर पण, म्हणून ते सगळ्यात आधी संपतं, सीझनमध्ये तर महिने आधी.

एका जोडप्याला त्यांच्या एजंटने "व्हीआयपी पॅकेज" म्हणून सर्किट तीनची तिकिटं दिली होती. आत गेल्यावर बाई गाईडला विचारतायत तो फोटोवाला पॉइंट कुठाय, गाईड वर बोट दाखवतोय. रस्ता एकेरी, वळणावर गार्ड उभे. साहेबांनी खिशात हात घातला, "कितीला होईल ते सांग." काही झालं नाही, होतही नाही. मग मला फोन, हेलिकॉप्टर वगैरे काही? अहो, हेलिकॉप्टरला परवानगीच नाही आणि खालच्या आग्वास कालिएंतेस गावापर्यंत गाडीरस्ता पण जात नाही, करोडपती असो नाहीतर बॅकपॅकवाला पोरगा, ट्रेनने जा नाहीतर चालत.

म्हणून मी आधी हे तिकीट काढते, मग ट्रेन, मग हॉटेलं आणि विमान सगळ्यात शेवटी. लोक बरोब्बर उलटं करतात, कारण विमानाचा सेल चालू असतो. आणि शक्य असेल तर आग्वास कालिएंतेस गावात एक रात्र राहा. ती हायरम बिंगहॅम नावाची लक्झरी ट्रेन सुंदर आहे, जेवण, गाणीबजावणी सगळं आहे, पण त्याच दिवशी जाऊन-येऊन केलंत तर ट्रेनमध्ये जास्त वेळ आणि अवशेषांमध्ये कमी. गेटच्या आत टॉयलेट नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

आता माझं दुसरं दुखणं. "चर्च नको हो, जुन्या गोव्यात बघितलीयत." असं म्हणणाऱ्यांना मी आधी कुस्कोतल्या कोरिकांचाला पाठवते. इंकांचं सूर्यमंदिर, त्याच्या भिंतींवर स्पॅनिशांनी सांतो दोमिंगोचं चर्च आणि मठ बांधला. १९५० च्या भूकंपात वरचं बांधकाम बरंच कोसळलं आणि खालच्या, चुना न वापरता बसवलेल्या इंका भिंती जागच्या हलल्या नाहीत, उलट झाकलेल्या होत्या त्या उघड्या पडल्या. मग कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाता या चित्रकाराचं लास्ट सपर, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाचं चित्र, बघा, येशूसमोर ताटात तिथला गिनी पिग भाजून ठेवलाय. चांगला गाईड असेल तर या दोन जागांवर अख्खी सकाळ जाते, आणि जाऊ द्या.

लिमाला नुसतं एअरपोर्ट समजू नका. लार्को म्युझियमची मातीची भांडी आणि मिराफ्लोरेसमध्ये उंच इमारतींच्या मधोमध असलेला वाका पुक्याना हा प्राचीन पिरॅमिड, विटा पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या, एवढं तरी बघाच. आरेकिपा शहर वगळणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त तिथल्या सांता कातालिनाचा फोटो पाठवते. १५७९ मध्ये सुरू झालेला नन्सचा मठ, आत गल्ल्या, चौक, निळ्या-लाल भिंती, एक छोटं गावच, आणि १९७० पर्यंत बाहेरच्यांना बंद.

बाकीच्या पटापट सांगते.

कुस्कोचं बोलेतो तुरिस्तिको, म्हणजे बऱ्याच जागांचं एकत्र तिकीट, काढलं म्हणजे सगळं आलं असं नाही. माचू पिक्चू, कोरिकांचा, कॅथेड्रल त्यात नाहीत.

फेब्रुवारीत इंका ट्रेल, म्हणजे माचू पिक्चूला जाणारी पायवाट, बंद असतो. २४ जूनला इंती रायमी हा सूर्याचा उत्सव, त्या आठवड्यात कुस्कोत ऐनवेळी खोली शोधू नका.

यलो फीवरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य सेंटरलाच. परत येताना आपल्याकडेच सर्टिफिकेट मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. साठीच्या पुढचे असाल तर आधी डॉक्टरशी बोला.

कोकाची पानं तिथे चहात घाला, बॅगेत नको. आपल्याकडे तो अमली पदार्थांचा मामला होतो.

आणि डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, कोपरा जरा फाटलेला असला तरी तिथला दुकानदार नोट उजेडात धरून बघतो आणि परत हातात ठेवतो.